नेफतालीचा शर्ट

तिसऱ्या पानावर एक चौकट आहे: जन्मदात्याची सही.
मिस ताबिता तिथे पेन्सिलीचं टोक टेकवून थांबते,
जशी मी थांबते भरतीसाठी, होडी ढकलायच्या आधी.

कुठे कुठे शोधलंत त्याला?

मी सांगते. मकायला पत्र टाकलं, ते परत आलं,
पाकिटावर कुणीतरी लिहिलेलं: इथे राहत नाही.
फोन लावला तर एक म्हातारी बोलली,
बराच वेळ बोलली, गोड बोलली. नंबर आता तिचा होता.
कोळंबीच्या ट्रॉलरवर होता म्हणतात,
मग रेल्वेचे रूळ टाकायला पार पश्चिमेला,
जिथे चहूबाजूंनी लाल माती, समुद्राचा थेंब नाही.
टाउन्सव्हिलच्या पाद्र्यांनी दोन रविवार
प्रार्थनेनंतर त्याचं नाव पुकारलं.
कुणी उभं राहिलं नाही.

ती लिहून घेते सगळं.
रोसिनाची सही आहे. इतकी दाबून केलेली
की पान उलटलं तरी बोटाला लागते.
माझी आहे, सायलसची आहे.

एनोसाला होडीचा परवाना हवा.
तो सात वर्षांचा असल्यापासून होडी हाकतोय,
पण परवान्याला जन्मदाखला लागतो,
आणि दाखल्यावर एक मुलगा आहे
ज्याला ह्या बेटावर कुणी कधी हाक मारलेली नाही.

कायदा आता आपला रिवाज मानतो, ताबिता म्हणते.
बरं झालं.
रिवाज कायद्याला कधीचा मानत आलाय.

तू विचारलंस ते सांगितलं, पोरी.
विचारलं नाहीस ते माझ्या पिशवीत आहे.

आग्नेय वारा सुटला होता त्या रात्री.
बाळंतिणीला उठवत नव्हतं, म्हणून तो एकटाच निघाला
दोन बेटांमधल्या पाण्यावरून,
बाळ मांड्यांच्या बेचक्यात, एक हात इंजिनवर.
किनाऱ्याला लागला तेव्हा उघडा होता,
शर्ट बाळाभोवती.
मी चहा टाकला. त्याने घेतला नाही.
देण्याघेण्याची बोलणी थोरांनी आधीच केली होती,
चटईवर, माशाचं कालवण संपेपर्यंत.
त्याच्या वाट्याला बोलायचं काही उरलं नव्हतं.
तरी दारातून वळून म्हणाला,
उजव्या कानाला वारा लागू देऊ नका ह्याच्या.
आणि होडी ढकलून गेला, तसाच उघडा,
वाऱ्याच्या तोंडाला छाती देऊन.
शर्ट मागितला नाही.

मला कायद्यातलं कळत नाही.
पण अशा रात्री माणूस शर्ट मागे ठेवतो
त्याला तुमच्या पानावर काय म्हणतात?

ताबिताने शर्ट हातात घेतला. निळा, खिसा उसवलेला.
दोनदा धुतलाय मी, फक्त दोनदा.
ती इथलीच, शेजारच्या बेटावरची.
तिला कुणी कुणाच्या ओटीत घातलं ते मला ठाऊक आहे,
आणि मला ठाऊक आहे हे तिला.
तिने घडी जशी होती तशीच घातली.
हे जोडता येत नाही, म्हणाली,
आणि चौकटीत लिहिलं:
शोध घेऊनही सापडला नाही. त्याच्या संमतीवाचून चालेल.

चालेल.

बारा आठवड्यांनी टपालाच्या विमानातून दाखला आला.
आई, मी. वडील, सायलस.
रोसिना नाही. नेफताली नाही.
आनंदाने रडले मी, मग थोड्या वेळाने
दुसऱ्याच कशासाठी तरी.

एनोसाने तारीख तपासली, नावाचं स्पेलिंग तपासलं,
आणि दाखला चड्डीच्या खिशात कोंबू लागला.
भिजेल मेल्या, मी ओरडले.
प्लास्टिकची पिशवी शोधून दिली.
बाहेर माड एका अंगाला झुकलेले.
आग्नेय वारा आहे, म्हटलं, कानाला काहीतरी बांध.

उजव्या, तो म्हणाला.
माहीत आहे. नेहमी उजव्याच.